रविवार सकाळचा रस्ता सायकलींसाठी मोकळा करताना : नव्या संयोजकांसाठी मार्गदर्शन

आपल्या शहरांना रस्ता बंद करण्याची सवय नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. अनंत चतुर्दशीला पुण्याचा लक्ष्मी रस्ता विसर्जन मिरवणुकीच्या ताब्यात असतो, आषाढी वारीत ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या शहरातून जातात तेव्हा वाहतुकीचे मार्ग तासागणिक बदलले जातात, आणि जानेवारीतील एका रविवारी मुंबईचे हमरस्ते मॅरेथॉनसाठी पहाटेपासून मोकळे केले जातात. पोलिसांना, महापालिकेला आणि नागरिकांनाही हे जमते. या लेखात ज्या कामाची माहिती दिली आहे ते यापेक्षा पुष्कळ लहान आहे. परंतु ते वर्षातून एकदा नव्हे, तर दर आठवड्याला करायचे असते, आणि त्याची खरी अवघड बाजू तीच आहे.

या उपक्रमाचे सर्वांत भक्कम उदाहरण म्हणजे कोलंबियाची राजधानी बोगोटा. १५ डिसेंबर १९७४ रोजी तेथील सायकलप्रेमींनी शहरातील मुख्य रस्ते काही तास मोटारींविना वापरून दाखवले, १९७६ मध्ये नगर प्रशासनाने त्याला अधिकृत रूप दिले, आणि १९९५ मध्ये हे काम शहराच्या क्रीडा व मनोरंजन संस्थेकडे आल्यानंतर त्याचा मोठा विस्तार झाला. आज तेथे दर रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी सकाळी ७ ते दुपारी २ या वेळेत १२० किलोमीटरांहून अधिक लांबीचे रस्ते सायकलस्वार, धावणारे आणि चालणारे यांच्यासाठी राखले जातात. स्पॅनिश भाषेत त्याला ‘सिक्लोव्हिया’ म्हणतात. आपल्याकडे १७ नोव्हेंबर २०१३ रोजी गुरगावात ‘राहगिरी’ सुरू झाली, २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या वांद्रे-सांताक्रूझ भागात ‘इक्वल स्ट्रीट्स’ झाले, आणि २७ मार्च २०२२ पासून मुंबई पोलिसांनीच पुढाकार घेऊन ‘संडे स्ट्रीट’ हा उपक्रम शहरातील काही रस्त्यांवर राबवला. म्हणजे कल्पना नवी राहिलेली नाही. पुढील मजकूर अशा मंडळींसाठी आहे, ज्यांच्यापाशी दहा-वीस उत्साही माणसे आहेत, आणि ज्यांना आपल्या भागातील दोन-तीन किलोमीटरांचा एक रस्ता चार रविवार प्रायोगिक तत्त्वावर सायकलींना मिळवून द्यायचा आहे.

पहिली पायरी : रस्ता पायी पाहून निवडणे

नकाशा पाहून रस्ता निवडू नये. मनात असलेल्या रस्त्यावर सलग तीन-चार रविवारी सकाळी ६ ते ९ या वेळेत दोघांनी वही घेऊन पायी जावे आणि दोन्ही बाजूंची प्रत्येक गोष्ट टिपावी : किती गल्ल्या मिळतात, किती सोसायट्यांची फाटके थेट रस्त्यावर उघडतात, रुग्णालय, पेट्रोल पंप, अग्निशमन केंद्र वा बसथांबा कुठे आहे, देवळात वा चर्चमध्ये सकाळची गर्दी किती वाजता होते, भाजीचा टेम्पो कुठे उतरतो, आणि रात्रभर रस्त्याकडेला किती मोटारी उभ्या असतात. या वहीवरूनच पुढे पोलिसांना द्यायचा नकाशा, स्वयंसेवकांची संख्या आणि रहिवाशांना द्यायची उत्तरे तयार होणार आहेत, म्हणून या कामात घाई करू नये.

नवख्यांनी दुभाजक असलेला रस्ता घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. बोगोटातील अनेक मोठ्या रस्त्यांवर दुभाजकाची एक बाजू सायकलींना दिली जाते आणि दुसऱ्या बाजूने मोटारी चालू राहतात. यामुळे बस पूर्णपणे बंद कराव्या लागत नाहीत, रुग्णवाहिकेला कायम एक वाट मोकळी राहते, आणि समोरच्या बाजूच्या दुकानदारांचा विरोध सुरुवातीलाच मावळतो. मात्र उरलेल्या बाजूवर दुहेरी वाहतूक सुरू करण्याचा मोह टाळावा, कारण त्यासाठी मधोमध अडथळ्यांची अखंड रांग आणि खूप मोठा बंदोबस्त लागतो. बंद केलेल्या दिशेची वाहतूक समांतर रस्त्याने वळवता येते का, एवढेच पाहावे. तसा समांतर रस्ता नसेल तर दुसरा रस्ता शोधावा.

दोन्ही बाजूंपैकी कोणती घ्यावी हे गल्ल्यांच्या संख्येवरून ठरते. मुंबईच्या मरीन ड्राइव्हची समुद्राकडील बाजू असो वा टोकियोच्या राजवाड्याच्या खंदकालगतचा, १९७५ पासून रविवारी सायकलींना मिळणारा रस्ता असो, तिथे एका अंगाला पाणी असल्यामुळे त्या बाजूने मोटार येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. प्रत्येक शहराला समुद्र नसतो, परंतु तलाव, नदीकाठ, रेल्वेची भिंत, महाविद्यालयाचे कुंपण किंवा छावणीची हद्द बहुतेक ठिकाणी सापडते. अशा कडेला मिळणारा अडीच किलोमीटरांचा साधा रस्ता हा दर शंभर मीटरला गल्ली असलेल्या बाजारपेठेच्या प्रसिद्ध रस्त्यापेक्षा कितीतरी चांगला.

लांबी साधारण तीन किलोमीटर असावी. लहान मूल किंवा नवशिका ताशी १०-१२ किलोमीटर वेगाने सायकल चालवतो, म्हणजे एका बाजूला पंधरा मिनिटे आणि जाऊन-येऊन अर्धा तास होतो. एक किलोमीटरापेक्षा लहान पट्टा घेतल्यास सायकलस्वार सारखे वळत राहतात, आणि धडकेची शक्यता या वळणाच्या जागीच सर्वांत जास्त असते. उड्डाणपूल मार्गात घेऊ नये : चढाला मुले थकतात, उताराला त्यांना ब्रेक सांभाळत नाहीत, आणि काही घडले तर बाहेर पडायला मध्ये वाट नसते. रस्त्याच्या पृष्ठभागाकडेही सायकलस्वाराच्या नजरेने पाहावे. मोटारीला न जाणवणारी गटाराची जाळी, जिच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने समांतर असतात, तिच्यात सायकलचे अरुंद चाक अडकून माणूस तोंडावर पडतो. अशा जाळ्या, खचलेली चेंबरची झाकणे आणि वाळू साचलेल्या कडा यांची यादी छायाचित्रांसह क्षेत्रीय कार्यालयाला द्यावी. उपक्रम पुढे चालला नाही तरी तेवढी दुरुस्ती झाल्यास तो रोजच्या सायकलस्वाराचा लाभच असतो.

दुसरी पायरी : वेळ आणि तारखा

बोगोटाची वेळ आपल्याकडे उचलू नये. ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० मीटर उंचीवर आहे आणि तेथे दुपारीही हवा थंड असते. आपल्या हवामानाला जवळचे उदाहरण जाकार्ताचे आहे, जिथे रविवारचा मोटारविरहित कार्यक्रम सकाळी लवकर सुरू होऊन ऊन तापण्यापूर्वी आटोपतो. विदर्भ-मराठवाड्यात मार्च ते मे या काळात सकाळी ६ ते ८.३० पुरे, हिवाळ्यात ६.३० ते ९.३० ठीक. पावसाळ्यात पहिला प्रयोग करू नये. सुरुवातीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत सोयीचे आहेत.

तारखा ठरवताना एक गोष्ट हमखास विसरली जाते : स्पर्धा परीक्षा बहुधा रविवारीच असतात आणि त्यांची केंद्रे शाळा-महाविद्यालयांत असतात. ज्या मुलाने दोन वर्षे अभ्यास केला आहे, त्याची रिक्षा आपल्या अडथळ्यापाशी अडकून त्याला केंद्राचे दार बंद मिळाले, तर त्याचे नुकसान भरून देता येणार नाही. मार्गावरच्या प्रत्येक शाळेत जाऊन त्या चार रविवारी परीक्षा आहे का, हे लेखी विचारावे, आणि असेल तर तो रविवार सोडून द्यावा. लग्नाचे मुहूर्त, मंगल कार्यालये, निवडणुकीच्या सभा आणि जयंतीच्या मिरवणुका यांचीही नोंद घ्यावी.

तिसरी पायरी : रहिवाशांकडे आधी, पोलिसांकडे नंतर

पुष्कळ संयोजक प्रथम परवानगी मिळवतात आणि मग रहिवाशांना पत्रके वाटतात. हा क्रम उलटा असावा. ज्याच्या दारातला रस्ता बंद होणार आहे त्याला ती बातमी अडथळा लावलेला पाहून कळणे हा त्याचा अपमान आहे, आणि त्यातून जो राग निर्माण होतो तो पुढच्या दहा पत्रकांनी जात नाही. प्रत्येक सोसायटीच्या अध्यक्ष-सचिवांना भेटावे, आणि मग पहारेकऱ्यालाही भेटावे, कारण रविवारी सकाळी फाटकावर प्रत्यक्षात तोच असतो. दूधवाले, वृत्तपत्र टाकणारे, घरकामाला येणाऱ्या महिला यांपैकी बहुतेक सायकलीने किंवा पायीच येतात, हे रहिवाशांच्या लक्षात आणून द्यावे.

या भेटींत तीन प्रश्न हटकून येतात, आणि त्यांची उत्तरे आधी ठरवून ठेवावीत. पहिला प्रश्न : ‘आमची गाडी बाहेर कशी काढायची?’ यावर सर्वांत चालणारी व्यवस्था अशी की, गाडी सकाळी लागणार असेल तर ती आदल्या रात्री मागच्या गल्लीत लावावी, आणि तेही न जमल्यास फाटकापाशी स्वयंसेवकाला सांगावे. तो गाडीपुढे पायी चालत, चालण्याच्याच वेगाने तिला जवळच्या बाहेर पडण्याच्या जागेपर्यंत नेईल. दुसरा प्रश्न आजारी माणसांचा असतो. ज्या घरात डायलिसिसचा रुग्ण, गरोदर स्त्री किंवा अंथरुणाला खिळलेले वृद्ध आहेत त्या घराला संयोजकांचा थेट क्रमांक द्यावा, आणि त्यांच्या वाहनाला कुठल्याही क्षणी वाट मिळेल असे स्पष्ट शब्दांत सांगावे. तिसरा प्रश्न पाहुण्यांचा आणि रिक्षांचा असतो; त्याला उतरण्याची एक ठरावीक जागा दाखवणे एवढेच उत्तर आहे.

सकाळी दुकान उघडणारे लोक वेगळे सांभाळावे लागतात. चहा, पोहे, दूध आणि सायकल दुरुस्ती यांच्या व्यवसायाला गर्दीचा फायदा होतो. पेट्रोल पंप, गॅरेज आणि बांधकाम साहित्याचे दुकान यांना तोटा होतो. तोटा होणाऱ्याला ‘तुमचाही धंदा वाढेल’ असे खोटे सांगू नये. त्याचे दार मार्गाच्या बाहेर राहील अशा रीतीने मार्गाचे टोक दोनशे मीटर अलीकडे आणता येत असेल तर ते आणावे.

चौथी पायरी : परवानगी

वाहतूक बंद किंवा वळवण्याचा आदेश मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ११५ खाली निघतो. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत वाहतूक शाखेच्या उपायुक्तांकडे अर्ज करावा. इतर शहरांत जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या वाहतूक शाखेकडे आणि नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांकडे एकाच वेळी जावे. या कलमात नवख्यांच्या उपयोगाची एक तरतूद आहे : निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त काळ चालणार नसेल तर त्याची अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध करणे आवश्यक नसते, स्थानिक पातळीवर योग्य ती प्रसिद्धी पुरते. पहिल्या रविवारपासून चौथ्या रविवारपर्यंत बावीस दिवस होतात. चार रविवारांचा प्रयोग मागण्यामागचे एक कारण हेही आहे, आणि अधिकाऱ्यांनाही मर्यादित मुदतीच्या गोष्टीला होकार देणे सोपे जाते.

अर्ज दोन पानांचा असावा आणि त्याला हाताने का होईना, पण नीट काढलेला नकाशा जोडावा. नकाशावर बंद होणारी बाजू, पर्यायी मार्ग, प्रत्येक चौकातील स्वयंसेवकांची संख्या, रुग्णवाहिकेची वाट आणि बसथांब्यांची तात्पुरती जागा दाखवावी. सोबत सोसायट्यांची संमतीपत्रे जोडली तर अधिकाऱ्याच्या मनातील निम्म्या शंका तिथेच मिटतात. महापालिकेच्या क्षेत्रीय किंवा विभाग कार्यालयाकडून झाडलोटीची वेळ पहाटेची करून घ्यावी, आणि बस चालवणाऱ्या परिवहन संस्थेला किमान पंधरा दिवस आधी लेखी कळवावे. ध्वनिक्षेपक लावायचाच असेल तर त्याची परवानगी वेगळी लागते. रात्री १० ते सकाळी ६ तो लावता येत नाही, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असते.

पाचवी पायरी : चौक

येथे थोडे थांबून सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण असे उपक्रम बंद पडतात ते बहुधा चौकांमुळे. सरळ रस्त्यावर काही करावे लागत नाही. तिथे सायकली आपोआप चालतात. जिथे आडवी वाहतूक मार्ग ओलांडते तिथे मोटारचालकाचा संयम, मुलाचा वेग आणि स्वयंसेवकाचा अनुभव या तिन्ही गोष्टींची एकाच वेळी परीक्षा होते.

चौकांचे तीन प्रकार करावेत. पहिला प्रकार लहान गल्लीचा, जिला बाहेर पडायला दुसरी वाट आहे. ती सरळ बंद करावी आणि तिथे दोन स्वयंसेवक उभे करावेत. दुसरा प्रकार अशा गल्लीचा, जिला दुसरी वाटच नाही. तिथून येणाऱ्या वाहनाला वर सांगितल्याप्रमाणे पायी चालत बाहेर नेले जाते. तिसरा प्रकार मोठ्या आडव्या रस्त्याचा. तो बंद करण्याचा हट्ट धरू नये. तिथे बोगोटातल्याप्रमाणे आळीपाळीने सोडण्याची पद्धत वापरावी : काही वेळ सायकली जातात, मग त्या थांबतात आणि साचलेली वाहने ओलांडतात. सिग्नल चालू असेल तर त्याच्याच वेळा पाळाव्यात. वाहतूक पोलीस असल्यास त्याच्या खुणेशिवाय स्वयंसेवकाने कोणालाही सोडू नये.

सायकली थांबवण्यासाठी मार्गाच्या रुंदीइतका दोर घ्यावा, त्याला दर हातभर अंतरावर रंगीत फडकी बांधावीत, आणि तो दोन्ही टोकांना माणसांनी हातात धरावा. दोर खांबाला कधीही बांधू नये. वेगात आलेल्या मुलाला तो दिसला नाही तर हातातला दोर क्षणात सोडता येतो, बांधलेला सोडता येत नाही. दोराच्या वीस मीटर अलीकडे तिसरा स्वयंसेवक ‘थांबा’ लिहिलेली पाटी घेऊन उभा असावा, म्हणजे सायकलस्वाराला वेग कमी करायला जागा मिळते. वाहने सोडताना दोर ताणलेला आहे आणि पुढचा सायकलस्वार चौकातून बाहेर पडला आहे, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शिट्टी वाजवू नये.

स्वयंसेवकाला पोलिसाचे अधिकार नसतात, ही गोष्ट प्रत्येकाला आधीच्या बैठकीत बजावून सांगावी. कोणी अडथळा सारून गाडी आत घातलीच तर तिच्यासमोर उभे राहू नये, चावी काढू नये, वाद घालू नये. मोठ्याने शिट्टी वाजवून पुढच्या चौकाला सावध करावे, गाडीचा क्रमांक टिपावा आणि पोलिसांना सांगावे. आपल्या शहरांत मोटारींपेक्षा दुचाकींचा प्रश्न मोठा आहे, कारण सायकल जाईल एवढ्या फटीतून दुचाकीही जाते. म्हणून टोकांना केवळ बॅरिकेड पुरत नाहीत. प्रत्येक फटीपाशी माणूस हवा, आणि त्याने प्रत्येक दुचाकीस्वाराला हात जोडून एकच वाक्य सांगायचे : ‘साडेआठपर्यंत मुलांसाठी रस्ता दिला आहे, आपण डावीकडच्या रस्त्याने जावे.’ पर्यायी रस्ता सांगितल्याशिवाय नुसते ‘बंद आहे’ म्हणू नये. भांडणे त्या दोन शब्दांवरून होतात.

माणसांचा हिशेब असा मांडावा. समजा, तीन किलोमीटरांच्या मार्गाला दोन टोके, दोन मोठे आडवे रस्ते आणि सहा गल्ल्या आहेत. प्रत्येक टोकाला चार, प्रत्येक मोठ्या चौकात सहा आणि प्रत्येक गल्लीला दोन याप्रमाणे बत्तीस माणसे होतात. मार्गावर सायकलीने फिरणारे चार आणि न येणाऱ्यांच्या जागी सहा धरले तर बेचाळीस. एवढी माणसे नसतील तर मार्ग लहान करावा, चौकातली माणसे कमी करू नयेत. जवळच्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी, गणेश मंडळांचे कार्यकर्ते आणि निवृत्त मंडळी यांची यात फार मदत होते. गणेश मंडळांतील कार्यकर्त्यांना तर दोर धरून गर्दी सांभाळण्याचा अनुभव आपल्यापेक्षा कितीतरी अधिक असतो, आणि तो मान त्यांना द्यावा.

सहावी पायरी : मार्गावरची शिस्त

रस्ता मोकळा मिळाला की ताशी तीस किलोमीटर वेगाने सराव करणारे सायकलपटू येतात, आणि त्याच वेळी आधाराच्या चाकांची सायकल घेऊन पाच वर्षांची मुलगीही येते. हे दोघे एकाच पट्ट्यात मावत नाहीत. सराव करणाऱ्यांना आदराने सांगावे की या वेळेत हा रस्ता त्यांच्या वेगासाठी नाही. डावीकडून जावे, उजवीकडून घंटी वाजवून पुढे जावे, आणि थांबायचे असल्यास कडेला यावे, हे तीन नियम मोठ्या अक्षरांत मराठीत आणि त्या भागात बोलल्या जाणाऱ्या इतर भाषांत दोन्ही टोकांना लिहावेत. चालणाऱ्यांसाठी पदपथालगतचा एक पट्टा खडूने आखून द्यावा. विजेवर चालणाऱ्या दुचाकींना आत घेऊ नये.

वळण्याच्या टोकाला रस्त्याच्या मधोमध शंकूंचे मोठे वर्तुळ करावे, आणि सर्वांनी त्याला वळसा घालूनच परतावे. मध्येच कुठेही वळण्यास मनाई करावी.

मंचाविषयी माझे मत थोडे कठोर आहे. नाच, झुंबा, गाणी यांचा मंच रस्त्याच्या मध्यभागी आला की त्याभोवती गर्दी साचते, सायकली अडतात, आणि दोन-तीन आठवड्यांत तो सायकलींचा रस्ता न राहता संगीताचा कार्यक्रम होतो. बोगोटात व्यायामाच्या सामूहिक वर्गांना मार्गालगतच्या बागा आणि चौक दिले जातात, ते याच कारणाने योग्य वाटते. मंच हवाच असेल तर शेजारच्या मैदानात ठेवावा.

त्याऐवजी दोन सोयींवर मेहनत घ्यावी. पहिली म्हणजे हवा भरायचा पंप आणि पंक्चर काढणारा कारागीर : घराघरांत जिन्याखाली पडलेल्या सायकलींच्या चाकांत हवाच नसते, आणि तेवढ्या कारणाने त्या बाहेर येत नाहीत. शनिवारी संध्याकाळी मोठ्या सोसायट्यांत हा कारागीर तासभर बसवला तर रविवारी आलेल्या सायकलींची संख्या डोळ्यांना दिसेल इतकी वाढते. दुसरी सोय म्हणजे शिकण्याचा कोपरा. लहानपणी ज्यांच्या हाती सायकल दिली गेली नाही अशा चाळिशी-पन्नाशीच्या अनेक महिला आपल्या शहरांत आहेत, आणि त्यांना रहदारीत, लोकांच्या नजरांसमोर शिकणे शक्य नसते. मार्गाच्या शांत टोकाला पन्नास मीटरांचा तुकडा राखावा, बुटक्या सायकली ठेवाव्यात, त्यांची पॅडल काढून आधी केवळ पायांनी ढकलत तोल सांभाळायला शिकवावे, आणि शिकवणाऱ्या शक्यतो महिलाच असाव्यात. हा कोपरा नीट चालला तर उर्वरित सगळा खटाटोप सार्थ झाला असे मला वाटते.

सातवी पायरी : प्रत्यक्ष सकाळ, आणि रस्ता परत देणे

बॅरिकेड, शंकू आणि पाट्या आदल्या रात्रीच जागोजागी कडेला पोहोचलेल्या असाव्यात. स्वयंसेवकांनी सुरुवातीच्या एक तास आधी यावे. प्रथम टोके बंद होतात, मग गल्ल्या. त्यानंतर सायकलवरील दोघे संपूर्ण मार्गावरून जाऊन आत अडकलेली वाहने बाहेर काढतात, काचा-खिळे उचलतात, आणि ते दुसऱ्या टोकाला पोहोचल्यावरच पहिली सायकल सोडली जाते. प्रथमोपचाराची पेटी दर किलोमीटरला असावी. गंभीर प्रसंगी १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस बोलवावेत. रुग्णवाहिका जवळून जात असेल तर आपला मार्ग हीच तिची सर्वांत मोकळी वाट असते, म्हणून सर्व सायकली तत्काळ डावीकडे थांबवण्याची तालीम पहिल्या बैठकीतच करावी.

बंद करण्यापेक्षा रस्ता पुन्हा मोटारींना देण्याची वेळ अधिक धोक्याची आहे. वेळ संपण्याच्या वीस मिनिटे आधी फिरत्या स्वयंसेवकांनी सांगत जावे, नव्या सायकलींना आत घेणे थांबवावे, आणि मग चार स्वयंसेवकांनी रस्त्याच्या पूर्ण रुंदीत रांग धरून, सर्वांत मागून सावकाश सायकल चालवत यावे. ही रांग ज्या चौकातून पुढे गेली तोच चौक उघडायचा, पुढचे चौक बंदच. रांगेच्या मागे एकही मूल राहिलेले नाही, याची जबाबदारी रांगेतल्या चौघांची. आणि ठरलेल्या मिनिटाला रस्ता खुला झालाच पाहिजे. साडेआठ म्हणून नऊ वाजवले तर पोलिसांचा, बसचालकांचा आणि रहिवाशांचा विश्वास एकाच सकाळी जातो.

आठवी पायरी : मोजणी आणि खर्च

मार्गाच्या मध्यावर दोघांनी बसून प्रत्येक तासातील पंधरा मिनिटे जाणाऱ्यांची मोजणी करावी : सायकलस्वार किती, चालणारे किती, त्यांत महिला किती, मुले किती. तोच माणूस परतताना पुन्हा मोजला जाईल, म्हणून एकाच दिशेने जाणारे मोजावेत. तक्रारींची वही टोकापाशी उघडी ठेवावी, आणि प्रत्येक तक्रारीपुढे आठवड्याच्या आत काय केले ते लिहावे. चौथ्या रविवारनंतर अधिकाऱ्यांसमोर ठेवण्यासाठी गर्दीच्या छायाचित्रांपेक्षा ही वही जास्त कामाला येते.

पैसा फारसा लागत नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोगोटाच्या उपक्रमाचा वार्षिक खर्च दर वापरकर्त्यामागे सुमारे ६ अमेरिकी डॉलर निघाला होता, आणि त्यातून होणारा आरोग्याचा लाभ खर्चाच्या तिप्पट ते चौपट होता. आपल्या चार रविवारांसाठी बॅरिकेड बहुतेकदा पोलिसांकडून मिळतात. शिट्ट्या, पाट्या, दोर, फडकी, पत्रके, स्वयंसेवकांचा नाश्ता आणि अपघात विमा एवढाच खर्च उरतो. प्रायोजक घेतल्यास त्याची कमान रस्त्यावर उभारू देऊ नये, आणि मोटार विकणाऱ्याकडून प्रायोजकत्व घेऊ नये.

पाचवा रविवार

मुदतवाढीचा अर्ज चौथ्या नव्हे, तर दुसऱ्या रविवारनंतरच द्यावा, कारण कागद फिरायला वेळ लागतो आणि पहिल्या दोन मोजण्या तोपर्यंत हाती असतात. वेळ, रस्ता आणि वार बदलू नयेत. ‘या आठवड्यात आहे का?’ हा प्रश्न लोकांना विचारावा लागला की मुलांच्या सायकली पुन्हा जिन्याखाली जातात. महिन्यातून एकदा मोठा सोहळा करण्यापेक्षा दर रविवारी दीड किलोमीटरांचा साधा पट्टा मागावा. पॅरिसच्या शाँझेलिझेसारख्या जगप्रसिद्ध रस्त्याला महिन्यातला पहिला रविवार पुरतो, आपल्या वस्तीतल्या मुलाला पुरत नाही.

परवानगी वेळेत आली नाही, असेही होईल. अशा वेळी पाचव्या रविवारी अडथळे लावू नयेत, रस्ता अडवू नये. मात्र स्वयंसेवकांनी त्याच वेळी त्याच टोकाला जमावे, आलेल्या मुलांना परत पाठवू नये, शिकण्याचा कोपरा शेजारच्या मैदानात हलवावा, आणि मोठ्यांनी डाव्या कडेने एका रांगेत, रहदारीचे सर्व नियम पाळून, त्याच रस्त्यावरून एक फेरी मारावी. त्या सकाळचीही मोजणी वहीत लिहावी आणि सोमवारी अर्जाची प्रत घेऊन पुन्हा वाहतूक शाखेत जावे.